गेलेल्या चिखलाची भरपाई: कार्डिफ, न्यूपोर्ट आणि वॉलासी

या व्याख्यानमालेत आपण बहुतेक वेळा किल्ले, बंदरं, राजवटी यांच्याबद्दल बोलतो. आजचा विषय चिखल आहे. शेवटपर्यंत ऐका, कारण या चिखलाच्या गोष्टीत रोमन सैनिक आहेत, कोळशाचं बंदर आहे, युरोपचं न्यायालय आहे आणि आपल्या कोकणातली खारजमीनही आहे.

प्रश्न साधा आहे. विकासाच्या कामासाठी एखाद्या ठिकाणचा पशुपक्ष्यांचा अधिवास नष्ट होतो. मग सरकार म्हणतं, काळजी करू नका, आम्ही दुसरीकडे शेतजमीन घेऊ, तिथे तसाच अधिवास तयार करू. हिशेब जुळला. आज जगभर या पद्धतीला मान्यता आहे, अनेक देशांत तिचे कायदे आहेत. पण हा हिशेब खरोखर जुळतो का? ब्रिटनमध्ये गेल्या तीस वर्षांत हा प्रयोग समुद्रकाठच्या चिखलावर झाला आणि त्याच्या नोंदी फार काळजीपूर्वक ठेवल्या गेल्या. म्हणून आपण आज तिकडे जाणार आहोत.

आधी चिखल म्हणजे काय ते पाहू. खाडीच्या तोंडाशी ओहोटीला जो काळसर, गुळगुळीत चिखलपट्टा उघडा पडतो, तो आपल्याला ओसाड दिसतो. पण त्यात किडे, बारीक गोगलगायी, झिंग्यासारखे छोटे जीव खच्चून भरलेले असतात. हिवाळ्यात उत्तरेकडून येणारे हजारो पक्षी त्यावरच जगतात. त्यांतला एक रेडशँक. लांब लाल पाय, तपकिरी अंग, वजन जेमतेम दीडशे ग्रॅम. आपल्यापैकी जे कोणी हिवाळ्यात ठाणे खाडीवर किंवा उरणच्या पाणथळीवर गेले असतील, त्यांनी या जातीचा पक्षी नक्की पाहिला असेल. या पक्ष्याचं गणित अगदी काटेकोर असतं. थंडीत अंगातली ऊब टिकवायला त्याला सतत खावं लागतं. भरती आली की ताट उचललं जातं, ओहोटी लागली की पुन्हा मांडलं जातं. दिवसा पोट भरलं नाही तर रात्री काळोखातही तो चिखल चाळत राहतो.

आता कार्डिफला जाऊ. वेल्सची राजधानी. एकोणिसाव्या शतकात वेल्सच्या दऱ्याखोऱ्यांतला कोळसा या बंदरातून जगभर गेला. १९१३ मध्ये ही निर्यात शिखरावर होती. पुढे जहाजं तेलावर चालू लागली, कोळशाचा धंदा बसला आणि बंदराचा भाग ओस पडला. बेकारी, पडकी गोदामं, आणि समोर दिवसातून दोनदा उघडा पडणारा चिखल. सेव्हर्नच्या खाडीतल्या भरती-ओहोटीतला फरक चौदा मीटरच्या घरात जातो, जगातल्या सर्वांत मोठ्या फरकांपैकी तो एक. त्यामुळे ओहोटीला कार्डिफच्या उपसागरात पाणी औषधालाही उरत नसे.

१९८७ साली या भागाच्या पुनर्विकासासाठी एक महामंडळ नेमलं गेलं. त्यांची कल्पना अशी, की टॅफ आणि इली या दोन नद्यांच्या मुखावर बांध घालायचा, भरती बाहेर अडवायची, आत गोड्या पाण्याचं कायमचं तळं करायचं. तळ्याकाठी घरं, कार्यालयं, हॉटेलं उभी राहतील, चिखल कुणाला दिसणार नाही. विरोध झाला. कार्डिफच्या सखल वस्त्यांतल्या लोकांना भीती होती, की तळ्यामुळे भूजल वर येईल आणि तळघरांत पाणी शिरेल. रोड्री मॉर्गन हे तिथले खासदार, पुढे वेल्सचे फर्स्ट मिनिस्टर झाले, त्यांनी संसदेत हा विषय लावून धरला. पक्षीप्रेमींचा विरोध वेगळ्या कारणासाठी होता. हा सुमारे दोनशे हेक्टरचा चिखलपट्टा वैज्ञानिक महत्त्वाची जागा म्हणून आधीच संरक्षित होता. तरीही १९९३ मध्ये संसदेनं बांधाचा कायदा मंजूर केला आणि नोव्हेंबर १९९९ मध्ये बांधाचे दरवाजे बंद होऊन आत पाणी साठू लागलं. त्या दिवसापासून कार्डिफच्या उपसागरात ओहोटी आली नाही.

इथे कायद्याचा भाग थोडक्यात सांगायला हवा. युरोपीय समुदायानं १९७९ मध्ये पक्ष्यांसाठी आणि १९९२ मध्ये अधिवासांसाठी असे दोन निर्देश काढले. दुसऱ्या निर्देशात एक महत्त्वाची तरतूद आहे. संरक्षित जागेला धक्का लावण्यावाचून गत्यंतरच नसेल आणि जनहिताचं तितकंच मोठं कारण असेल, तर काम करता येईल, पण त्या बदल्यात भरपाई द्यावी लागेल. पैशानं नव्हे, अधिवासानं. सेव्हर्नच्या खाडीला पक्ष्यांसाठी विशेष संरक्षण मिळालं तेव्हा तिच्या हद्दीतून कार्डिफचा उपसागर वगळला होता. बदल्यात दुसरीकडे पाणथळ जागा तयार करण्याचं सरकारनं कबूल केलं.

ही दुसरीकडची जागा म्हणजे न्यूपोर्ट शहराच्या दक्षिणेचा किनारा, कार्डिफपासून पंधरा-वीस किलोमीटरवर. या प्रदेशाला ग्वेंट लेव्हल्स म्हणतात. आणि इथे आपल्या इतिहासाच्या माणसांना थांबावंच लागतं, कारण ही शेतजमीन निसर्गानं दिलेली नव्हती. ती समुद्राकडून घेतलेली होती.

१८७८ साली गोल्डक्लिफ गावाजवळ एक कोरलेला दगड सापडला. त्यावर लॅटिनमध्ये इतकंच लिहिलंय, की पहिल्या कोहॉर्टमधल्या स्टॅटोरियस मॅक्सिमसच्या तुकडीनं साडेतेहतीस पावलं लांबीचं काम केलं. जवळच कारलिऑनला रोमन सैन्याचा तळ होता. अनेक अभ्यासकांच्या मते हे काम बांधाचं किंवा चराचं असावं. म्हणजे ज्या हातांनी तलवार धरायची, त्याच हातांनी कुदळ घेऊन सैनिकांनी समुद्र हटवला. बाराव्या शतकात गोल्डक्लिफला मठ उभा राहिला आणि ही खारी दलदल सुकवून कसण्याचं काम मध्ययुगात पुढे चाललं. शेतांच्या कडेनं पाणी काढून नेणारे चर खणले गेले, त्यांना तिथे रीन म्हणतात. ते आजही आहेत.

पण समुद्र विसरत नाही. ३० जानेवारी १६०७ या दिवशी ब्रिस्टल चॅनेलच्या दोन्ही काठांवर प्रचंड पूर आला. सुमारे दोन हजार माणसं गेली असावीत असा अंदाज सांगतात. गोल्डक्लिफच्या चर्चमध्ये पितळेचा एक छोटा पत्रा आहे, त्यावर त्या एका गावात बावीस माणसं बुडाल्याची नोंद आहे. लोकांनी पुन्हा बांध बांधले, पुन्हा नांगर धरला.

हे सगळं ऐकताना रायगड जिल्ह्यातल्या मंडळींना काही नवीन वाटणार नाही. पेण, अलिबाग, पनवेलच्या खाडीकाठी आपल्याकडे हेच झालं. खाडीला बांध घालायचा, पाणी सोडायला उघाड्या ठेवायच्या, दोन-चार पावसाळे मीठ धुऊन जाऊ द्यायचं आणि मग भात लावायचा. जुन्या कुलाबा जिल्ह्यात या जमिनींची शिलोत्री नावाची स्वतंत्र पद्धतच होती, आणि तिच्यात बांधाची डागडुजी कुणी करायची हे ठरलेलं असे. कारण बांध म्हणजे एका माणसाचं काम नाही. एका ठिकाणी खेकड्यानं भोक पाडलं, तर शंभर जणांची शेती बुडते. बांधामागची जमीन ही अशी अनेक पिढ्यांच्या मेहनतीनं साठवलेली ठेव असते. हे लक्षात ठेवा, आपल्याला याच्याकडे परत यायचंय.

तर न्यूपोर्टला किनाऱ्यालगतची शेतजमीन आणि जवळच्या वीज केंद्राची राख टाकायची तळी मिळून सुमारे ४३८ हेक्टर जागा घेतली गेली. राखेच्या तळ्यांवर वेताचं रान वाढवलं, शेतांत पाण्याची पातळी वर आणून ओली कुरणं केली, गोल्डक्लिफजवळ खाऱ्या पाण्याची उथळ तळी खोदली. २००० साली हे राखीव क्षेत्र सुरू झालं. दोनशेच्या बदल्यात चारशेहून अधिक हेक्टर. कागदावर पाहिलं तर दुपटीनं परतफेड.

आणि जागा खरोखर छान झाली, हे आधी सांगून टाकू. अॅव्होसेट नावाचा वर वळलेल्या चोचीचा पांढरा-काळा पक्षी, त्यानं २००३ मध्ये गोल्डक्लिफला घरटं केलं. वेल्समध्ये त्याचं प्रजनन होण्याची ती पहिलीच वेळ होती. वेतात बिटर्न हा बगळ्याच्या कुळातला लाजाळू पक्षी आला. ओल्या कुरणांत टिटवीच्या जातभाईंबरोबर रेडशँकनंही घरटी केली. २००८ मध्ये त्याला राष्ट्रीय निसर्ग राखीव क्षेत्राचा दर्जा मिळाला. लोक मुलांना घेऊन जातात, दुर्बिणी लावून बसतात. ज्यांनी हे उभं केलं त्यांच्या कामाबद्दल आमच्या मनात आदरच आहे.

पण कार्डिफच्या रेडशँकचं काय झालं?

ते आपल्याला ठाऊक आहे, कारण ब्रिटिश ट्रस्ट फॉर ऑर्निथॉलॉजीच्या संशोधकांनी त्या पक्ष्यांच्या पायांत रंगीत कडी घालून ठेवली होती. बांध बंद होण्याआधी आणि नंतर, कित्येक हिवाळे त्यांनी ही कडी शोधली. त्यांचा अहवाल २००६ मध्ये प्रसिद्ध झाला. चिखल पाण्याखाली गेल्यावर हे पक्षी न्यूपोर्टला गेले नाहीत. बहुतेक जण चारेक किलोमीटरवरच्या ऱ्हिम्नी नदीच्या मुखाशी गेले, कारण तिथे चिखल होता. पण तिथे आधीपासून दुसरे रेडशँक राहत होते. नव्यानं आलेल्यांची वजनं पहिल्या हिवाळ्यात तिथल्या मूळच्या पक्ष्यांपेक्षा कमी भरली. आणि वर्षभर जगून राहण्याचं त्यांचं प्रमाण पूर्वी सुमारे ८५ टक्के होतं, ते सुमारे ७८ टक्क्यांवर आलं. ऱ्हिम्नीच्या मूळच्या पक्ष्यांत अशी घट दिसली नाही, म्हणजे हवामान किंवा एखादी साथ हे कारण नव्हतं.

सात टक्के म्हणजे काही फार नाही, असं वाटेल. उलटीकडून पाहू. आधी शंभरातले पंधरा पक्षी वर्षात मरत, आता बावीस मरू लागले. मृत्यूचं प्रमाण जवळजवळ दीडपट. वर्षामागून वर्ष असंच चाललं की तो थवा झिजत जातो.

याचा अर्थ काय झाला? भरपाई झाली, पण ज्यांचं नुकसान झालं त्यांना ती मिळाली नाही. चिखल घेतला आणि वेत, कुरण, तळी दिली. हिवाळ्यात भरती-ओहोटीवर जगणाऱ्या पक्ष्याला उन्हाळ्यातल्या घरट्याची जागा दिली. हेक्टर मोजले तर नफा, पण हेक्टर काही चिखलातले किडे खात नाहीत! आपल्याकडे धरणग्रस्तांच्या पुनर्वसनाच्या कहाण्या ज्यांनी ऐकल्या आहेत, त्यांना हा प्रकार ओळखीचा वाटेल. जमिनीला जमीन दिली अशी नोंद होते, पण नदीकाठची काळी गेली आणि मिळालं माळरान.

आता दुसरी गोष्ट, इंग्लंडच्या पूर्व किनाऱ्यावरची. इथे चिखलाला चिखल दिला गेला. चूक वेगळीच झाली.

केंट परगण्यात मेडवे नदीच्या खाडीत शीअरनेस नावाचं बंदर आहे. त्याला लागून लॅपेल बँक नावाचा बावीस हेक्टरचा चिखलपट्टा होता. डिसेंबर १९९३ मध्ये सरकारनं मेडवेच्या खाडीला पक्ष्यांसाठी विशेष संरक्षण द्यायचं ठरवलं, पण लॅपेल बँक तेवढी वगळली, कारण बंदराला वाढायला जागा हवी होती. रॉयल सोसायटी फॉर द प्रोटेक्शन ऑफ बर्ड्स ही संस्था कोर्टात गेली. त्यांचं म्हणणं, संरक्षित क्षेत्राची हद्द आखताना पक्ष्यांचा विचार करायचा, धंद्याचा नाही. प्रकरण हाउस ऑफ लॉर्ड्सपर्यंत गेलं आणि तिथून युरोपच्या न्यायालयाकडे पाठवलं गेलं. मधल्या काळात बांधकामाला स्थगिती मिळाली नाही. स्थगिती हवी तर उद्या हरल्यास बंदराचं नुकसान भरून देण्याची हमी द्या, असा प्रश्न होता, आणि पक्ष्यांसाठी काम करणारी संस्था एवढी मोठी हमी कुठून देणार?

११ जुलै १९९६ रोजी निकाल लागला. न्यायालयानं संस्थेच्या बाजूनं कौल दिला. हद्द ठरवताना आर्थिक कारणं लक्षात घेता येणार नाहीत. मोठा विजय! पण तोवर लॅपेल बँकेवर भराव पडून तिथे मोटारी उभ्या करण्याचं आवार झालं होतं. खटला जिंकला तेव्हा खटल्याचा विषयच शिल्लक नव्हता.

मग भरपाई द्यायची ठरली. लॅपेल बँक आणि सफोकमध्ये फेलिक्स्टो बंदराच्या वाढीत गेलेली फॅगबरीची चिखलजमीन, अशा दोन जुन्या देण्यांसाठी सरकारनं एसेक्स परगण्यातलं वॉलासी बेट निवडलं. क्राउच आणि रोच या नद्यांमधलं हे सपाट बेट. तिथे बांधामागे गहू पिकत होता. बेटाच्या उत्तरेकडची ११५ हेक्टर शेतजमीन घेतली गेली. आधी आत, जरा मागे, नवा बांध उभारला. हार्विच बंदरातून उपसलेला गाळ आणून समोर उतार तयार केला, कारण शतकानुशतकं बांधामागे राहिलेली जमीन खाली बसलेली असते. पाणी एकदम आत घेतलं तर नुसतं तळं होईल. आणि ४ जुलै २००६ रोजी जुना बांध यंत्रांनी फोडला. भरतीचं पाणी गव्हाच्या शेतात शिरलं. खर्च सुमारे पंचाहत्तर लाख पौंड. पहिल्या काही हिवाळ्यांतच तिथे हजारो पक्षी उतरू लागले.

म्हणजे इथे वस्तू बरोबर होती. चिखलाला चिखल, तोही दुपटीहून अधिक. चुकली ती वेळ. निकालापासून दहा वर्षं, आणि भराव त्याच्याही आधीचा. जंगली रेडशँक सरासरीनं काही थोडी वर्षंच जगतो. लॅपेल बँकेवर चरलेल्या पक्ष्यांपैकी वॉलासीचा चिखल पाहायला किती उरले असतील? आणि ही जागा होती थेम्सच्या मुखाच्या पलीकडे, दुसऱ्याच परगण्यात.

वेळेचा आणखी एक प्रश्न आहे. शेताचं पुन्हा खारं गवताळ रान व्हायला किती वर्षं लागतात? मुद्दाम फोडलेल्या बांधांमागची रानं आणि जुन्या वादळांत आपोआप फुटलेल्या बांधांमागची रानं, या दोन्हींची तुलना संशोधकांनी मूळच्या खाऱ्या रानांशी केली. २०१२ मध्ये आलेल्या या अभ्यासाचा निष्कर्ष असा, की बरीच वर्षं उलटूनही ही रानं मूळ रानासारखी होत नाहीत. चिखलावर लवकर येणारी झाडं भराभर येतात, पण सावकाश वस्ती करणाऱ्या काही जाती दशकं गेली तरी कमीच राहतात. कारण जमिनीत आहे. नांगरानं आणि यंत्रांच्या वजनानं माती दाबली गेलेली असते, जुन्या ओहोळांच्या नागमोडी वाटा बुजलेल्या असतात, त्यामुळे पाणी नीट निथळत नाही. शेतकऱ्यानं जी जमीन शेकडो वर्षं खपून शेत केली, ती बांध फोडला म्हणून एका रात्रीत आपलं शेतपण सोडत नाही.

आता शेतकऱ्याकडे येऊ. या चर्चेत त्याला बहुतेक वेळा शेवटी बोलावतात, आपणही तेच केलं. एसेक्सच्या किनाऱ्यावर १९५३ चा पूर माहीत असलेली माणसं होती. ३१ जानेवारीच्या रात्री उत्तर समुद्राचं पाणी चढलं, इंग्लंडमध्ये ३०७ माणसं मेली, नेदरलँड्समध्ये अठराशेहून जास्त. त्यानंतर प्रत्येक बांध उंच केला गेला. त्या पिढीला बांध म्हणजे जीव. तो सरकारनं स्वतः यंत्र लावून फोडायचा, हे पचायला सोपं नव्हतं. शिवाय पिकाची जमीन पाण्यात घालायची, हा प्रश्न आहेच.

याला तिथल्या अभियंत्यांचं उत्तर असं, की समुद्राची पातळी चढतेय, जुने बांध किती दिवस उंच करत बसणार? समोर खारं रान असलं की लाटा त्यात मोडतात, मागचा बांध ठेंगणा असला तरी चालतो. हे खरं आहे. १९९१ मध्ये एसेक्समधल्याच नॉर्दी बेटावर एक हेक्टरहून लहान तुकड्यावर हा प्रयोग पहिल्यांदा करून पाहिला गेला होता. पण आमचं म्हणणं इतकंच, की पुरापासून बचावासाठी बांध मागे घेणं हा एक जमाखर्च आणि बंदरानं खाल्लेल्या चिखलाची भरपाई हा दुसरा. एकच बांध फोडून दोन्ही वह्यांत जमा दाखवली, तर एक कर्ज फिटलेलंच नसतं.

वॉलासीवरच पुढे जे झालं ते पाहण्यासारखं आहे. पक्षी संस्थेनं बेटाचा मोठा भाग विकत घेतला. त्याच सुमारास लंडनच्या पोटातून क्रॉसरेल या रेल्वेचे बोगदे खणले जात होते. त्यांतली सुमारे तीस लाख टन माती जहाजांनी वॉलासीला आणली, तिनं खाली बसलेली शेतं उंच केली, टेकाडं आणि ओहोळ घडवले, आणि २०१५ मध्ये बेटाचा आणखी एक भाग भरतीला खुला झाला. हे मात्र रेल्वेनं नष्ट केलेल्या एखाद्या चिखलाची भरपाई म्हणून झालेलं नव्हतं. कुणाचं काही घ्यायच्या आधी निसर्गाच्या खात्यात टाकलेली ती ठेव होती. भरपाईचा क्रम असा असता, आधी तयार करायचं, पक्षी तिथे रुळले हे पाहायचं, मग दुसरीकडे हात लावायचा, तर कार्डिफचे रेडशँक कदाचित वाचले असते.

आपल्याकडची स्थिती थोडक्यात सांगून शेवटाकडे येतो. १९८० च्या वनसंवर्धन कायद्याखाली जंगलजमीन दुसऱ्या कामाला दिली, तर बदल्यात बिगरजंगल जमीन घेऊन तिथे झाडं लावायची पद्धत आली. २०१६ मध्ये त्या निधीसाठी वेगळा कायदा झाला. इथेही हिशेब हेक्टरांचा आणि रोपांचा असतो. सह्याद्रीतलं सदाहरित रान आणि दुसऱ्या जिल्ह्यातल्या माळावरची रांगेतली रोपं, ही अदलाबदल न्यूपोर्टच्या वेतापेक्षा फार वेगळी नाही. उलट माळरान हा स्वतःच माळढोक, लांडगा, काळवीट यांचा अधिवास. त्यावर झाडं लावली की भरपाईच्या नावाखाली दुसरं नुकसान होतं.

आणि खारजमीन? १९४८ मध्ये मुंबई प्रांतानं खारजमिनींसाठी कायदा केला, बांधांची जबाबदारी सरकारकडे येऊ लागली. शिलोत्रीसारख्या गावच्या जुन्या व्यवस्था मागे पडल्या. आज रायगडात कित्येक बांध दुरुस्तीअभावी फुटतात, खाडीचं पाणी भातशेतीत येतं आणि दोन-चार वर्षांत तिथे खारफुटी उगवते. २००५ च्या मुंबई उच्च न्यायालयाच्या आदेशापासून खारफुटीला संरक्षण आहे, आणि ते असायलाच हवं. पण त्या शेतकऱ्याला विचारा. त्याच्या जमिनीवर निसर्ग परत आला, त्याचं श्रेय कुणी मोजत नाही, त्याचं नुकसान कुणी भरत नाही. वॉलासीला बांध ठरवून फोडला, जमीन विकत घेतली, मागे नवा बांध बांधला. इथे तो नुसता फुटू दिला. दोन्हीकडे शेवटी चिखलावर पक्षी उतरतात, पण यातला फरक मोठा आहे.

शेवटची गोष्ट पुन्हा ग्वेंट लेव्हल्सची. न्यूपोर्टच्या राखीव क्षेत्राजवळूनच, याच रीनच्या प्रदेशातून, एम ४ महामार्गाला पर्यायी रस्ता नेण्याची योजना होती. सुमारे तेवीस किलोमीटर. तिच्यातही भरपाईचे उपाय लिहिलेले होते. चौकशी अधिकाऱ्यानं योजनेला अनुकूल मत दिलं. पण ४ जून २०१९ रोजी वेल्सचे फर्स्ट मिनिस्टर मार्क ड्रेकफर्ड यांनी ती नाकारली. पैशाचं कारण त्यांनी दिलंच, पण पैसा बाजूला ठेवला तरी या प्रदेशाच्या हानीला आपण अधिक वजन देतो, असंही त्यांनी स्पष्ट केलं. ज्या किनाऱ्यावर आधी दुसऱ्याच्या चिखलाची भरपाई झाली होती, तिथे वीस वर्षांनी सरकार म्हणालं की काही गोष्टींची भरपाई करण्यापेक्षा त्यांना हात न लावणं बरं.

दरम्यान इंग्लंडनं ही पद्धत सर्वत्र लागू केली. २०२१ च्या पर्यावरण कायद्यानुसार फेब्रुवारी २०२४ पासून मोठ्या बांधकामांना निसर्गात किमान दहा टक्के भर घालून द्यावी लागते, आणि ती तीस वर्षं टिकवावी लागते. शेतकरी आपल्या शेतात कुरण किंवा पाणथळ तयार करून त्याचे एकक बिल्डरला विकू शकतात. बाजार उभा राहतोय. तो चांगला ठरेल की वाईट, हे तीस वर्षांनी कुणीतरी अशाच व्याख्यानात सांगेल. पण तोवर वाट पाहण्याची गरज नाही. कार्डिफ आणि लॅपेल बँकेनं आपल्याला विचारायचे प्रश्न शिकवून ठेवले आहेत.

गेलं तेच मिळतंय का? जायच्या आधी मिळतंय का? ज्याचं गेलं त्याच्यापर्यंत ते पोहोचतंय का, मग तो लाल पायांचा पक्षी असो की बांधामागचा शेतकरी? पुढच्या वेळी तुमच्या गावात, तुमच्या खाडीवर, कुणी अधिकारी नकाशा पसरून म्हणाला, की इकडचे एवढे हेक्टर जातील आणि तिकडे दुप्पट करू, तेव्हा दुप्पट ऐकून गप्प बसू नका. हे तीन प्रश्न विचारा. आणि चौथाही विचारा, की मुळात इथून न जाता होणार नाही का?

आम्ही इथे थांबतो. मंडळी, तुमचे प्रश्न घेऊ या.